घर सोडणारी स्त्री : कादंबरीतील आणि इतिहासातील

कडक शिस्तीच्या धर्मपंथात वाढलेली एखादी स्त्री त्या पंथातून बाहेर पडू पाहते; पंथाचे पुढारी तिच्यावर पाळत ठेवतात; ती निसटेल की सापडेल, या उत्कंठेने वाचक पाने उलटीत राहतो. कादंबरीचा हा साचा पाश्चात्त्य वाङ्मयात दीडशेहून अधिक वर्षे रूढ आहे. त्यातील पंथ बहुधा मॉर्मन असतो. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली अमेरिकेत स्थापन केलेला हा पंथ पुढे यूटा प्रांतात स्थिरावला. बहुपत्नीत्वाची चाल त्याने १८५२ साली उघडपणे जाहीर केली आणि १८९० साली ती बंद करण्याची घोषणा केली. आर्थर कॉनन डॉयल यांची १८८७ सालची 'अ स्टडी इन स्कार्लेट' ही कादंबरी शेरलॉक होम्सची पहिली कथा म्हणून आपल्याकडेही परिचित आहे. तिच्या उत्तरार्धात मॉर्मनांमध्ये वाढलेली ल्यूसी फेरियर वडिलांसह रात्री पळून जाते. वडील मारले जातात, तिला धरून आणून तिचे बळाने लग्न लावले जाते आणि थोड्याच दिवसांत ती मरते. झेन ग्रे यांच्या १९१२ सालच्या 'रायडर्स ऑफ द पर्पल सेज' या कादंबरीतही एका मॉर्मन स्त्रीवर पंथाचे वडीलजन असाच दबाव आणतात.

अशा कथांविषयी कॅथोलिक वाचकाने थोडे सावध असावे, कारण हाच साचा आपल्यावरही वापरला गेला आहे. मॉन्ट्रियलच्या मठातून पळालेल्या स्त्रीची आत्मकथा म्हणून मारिया मंक हिच्या नावाचे एक पुस्तक १८३६ साली न्यूयॉर्कमध्ये निघाले आणि अफाट खपले. विल्यम स्टोन हे प्रॉटेस्टंट संपादक स्वतः मॉन्ट्रियलला जाऊन मठ पाहून आले. पुस्तकातील वर्णन त्या वास्तूशी जुळत नाही, असा निर्वाळा त्यांनी दिला; तरीही पुस्तकाचा खप थांबला नाही. डॉयल यांनीही आपली कादंबरी लिहिली तेव्हा यूटा पाहिलेले नव्हते. ते तेथे गेले १९२३ साली, आणि तेथील लोकांनी त्यांचे स्वागतच केले. याचा अर्थ कडक पंथांत स्त्रियांवर जुलूम होत नाही असा मुळीच नव्हे. तथापि उत्कंठेच्या कथेला एकच प्रश्न पुरतो : ती सुटते की नाही? इतिहासाने आणि ख्रिस्तसभेने विचारावयाचा प्रश्न निराळा आहे : निर्णय कोणाचा होता? या दुसऱ्या प्रश्नाच्या उजेडात आपल्या मराठी परंपरेतील तीन स्त्रिया, एक कल्पित व दोन प्रत्यक्ष, पाहण्याचा येथे विचार आहे.

मॉर्मन पंथ महाराष्ट्राला तेव्हा अगदीच अपरिचित होता असे नाही. ह्यू फिंडले हा त्यांचा प्रचारक १८५२ साली मुंबईस आला व पुढे पुण्यास राहिला. तेथे त्याने एक लहानशी मंडळी जमविली. परंतु काही वर्षांतच हे कार्य आटोपले. त्याच काळात मुंबईत एक मराठी तरुण आपल्या श्रद्धेचा निर्णय करू पाहत होता. तो म्हणजे बाबा पदमनजी. १८३१ साली बेळगाव येथे कासार कुटुंबात जन्मलेल्या बाबांनी मिशनच्या शाळांत शिक्षण घेतले होते. जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेतही त्यांचे येणेजाणे होते. १८५४ साली बेळगावला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि तीन वर्षांनी, १८५७ साली, 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध केले. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून सामान्यतः तिचाच उल्लेख होतो. हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण हा तिचा उद्देश पूर्ण शीर्षकातच सांगितलेला आहे.

यमुना ही मिशनच्या शाळेत शिकलेली, मनाने ख्रिस्ताकडे वळलेली मुलगी. तिचा पती विनायकराव सुशिक्षित व उदार विचारांचा. दोघे प्रवासास निघतात आणि वाटेत त्यांना ठिकठिकाणच्या विधवांच्या कहाण्या ऐकावयास मिळतात. पुढे अपघाताने विनायकरावांचा मृत्यू होतो आणि जी दुःखे यमुनेने आजवर ऐकली तीच तिच्या वाट्यास येतात. केशवपनाचे संकट तिच्यापुढे उभे राहते. अखेर ती ख्रिस्ती होते व तिचा पुनर्विवाह होतो. कादंबरीपूर्वी एकच वर्ष, १८५६ साली, विधवाविवाहास मान्यता देणारा कायदा झाला होता. धर्म सोडणाऱ्याचा वारसाहक्क नष्ट होऊ नये असा कायदा १८५० सालचा होता. म्हणजे यमुनेसाठी कायद्याचे दार नुकतेच किलकिले झाले होते. ते पुरते उघडलेले मात्र नव्हते, कारण पुनर्विवाह करणाऱ्या विधवेस पहिल्या पतीच्या मिळकतीवरील हक्क १८५६ च्याच कायद्यान्वये सोडावा लागे.

या ग्रंथाचे ऐतिहासिक मोल वादातीत आहे. विधवांची दुःखे त्याने दया म्हणून नव्हे तर अन्याय म्हणून मांडली. तरीही आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यात एक उणीव दिसते. यमुनेला जिवंत घर सोडावे लागतच नाही. पतीच्या मृत्यूने तिचे घर आधीच मोडलेले आहे. मागे उरले आहेत ते केवळ छळ करणारे लोक. त्यांना सोडून जाण्यास धैर्य लागते, परंतु अंतःकरण फाटत नाही. ग्रंथकाराचा स्वतःचा अनुभव असा सोपा नव्हता. ज्यांच्यावर प्रेम होते आणि ज्यांचे आपल्यावर प्रेम होते, अशा जिवंत माणसांचे घर त्यांनी सोडले. ती ओढाताण त्यांनी १८८८ साली प्रसिद्ध केलेल्या 'अरुणोदय' या आत्मचरित्रात वाचावयास मिळते. स्वतः जे भोगले त्यातून त्यांनी आपल्या नायिकेला वाचविले. शिवाय पुनर्विवाहाबरोबर कथा संपते. ख्रिस्ती समाजात गेल्यावर यमुनेचे काय झाले, तिला तेथे स्वतःचे मत होते काय, हे आपणांस कळत नाही.

कादंबरीने न लिहिलेले हे पुढचे प्रकरण पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात वाचावयास मिळते. त्यांचा जन्म १८५८ चा, म्हणजे 'यमुनापर्यटन' निघाल्यानंतरच्या वर्षीचा. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येचे बालपण तीर्थयात्रा व पुराणकथन यांत गेले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती गेला. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये, वाँटेज येथील अँग्लिकन धर्मभगिनींच्या आश्रमात, कन्येसह बाप्तिस्मा घेतला. उत्कंठेची कादंबरी येथे संपली असती.

खरा संघर्ष येथून पुढे सुरू झाला. ज्या धर्मभगिनींनी त्यांना आईच्या मायेने आश्रय दिला, त्यांच्याशीच त्यांचा पत्रव्यवहार तीव्र मतभेदाचा झाला. त्रैक्याचा सिद्धान्त पटल्यावाचून केवळ अधिकाऱ्यांच्या शब्दाखातर मान्य करण्यास रमाबाई तयार नव्हत्या. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्याचा प्रश्न निघाला तेव्हा भारतातील बिशपांचे मत विचारण्यात आले व ते प्रतिकूल पडले. रमाबाईंना हे बंधन अपमानास्पद वाटले. ज्या बाईने पुरोहितवर्गाचे जू मानेवरून उतरविले, तिने दुसरे तसेच जू घालून घ्यावे अशी अपेक्षा करण्यात येत होती, आणि तीही पूर्ण सद्भावनेने. धर्मभगिनींच्या दृष्टीने हा गर्व होता. आज ती पत्रे वाचणाऱ्यास त्यात एका विचारी श्रद्धेची प्रामाणिक धडपड दिसते. पुढे १८९१ च्या सुमारास त्यांना जो अंतरीचा अनुभव आला त्याविषयी त्यांनी स्वतः सांगितले आहे की, तोवर आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतरची ही आठ वर्षे कोणत्याही धर्मगुरूने लक्षात ठेवावी अशी आहेत.

१८८९ साली मुंबईत उघडलेले व पुढील वर्षी पुण्यास हलविलेले शारदा सदन १८९३ साली वादळात सापडले. मुलींचे धर्मांतर केले जाते या आरोपावरून रानडे, भांडारकर आदी सल्लागार बाहेर पडले आणि अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. कोणावर सक्ती करणार नाही, पण आपल्या प्रार्थनेचे दारही बंद करणार नाही, अशी रमाबाईंची भूमिका होती. वाद झाला तो पालक, सल्लागार, संपादक व संस्थाचालक यांच्यात. ज्यांच्याविषयी तो होता त्या बालविधवांचे म्हणणे मागेच पडले.

तिसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. 'स्मृतिचित्रे' या १९३४ पासून चार भागांत निघालेल्या ग्रंथात त्यांनी आपले माहेर रंगविले आहे. वडिलांचे सोवळे इतके पराकोटीचे की बाहेरून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात चालत नसे. पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई त्यांच्यामागून गेल्या नाहीत. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. मग पतीकडे आल्या, पण आपला धर्म, आपली चूल व आपले आचार घेऊन. टिळकांनी घाई केली नाही. जातिभेद मानणे माणसाचे आहे, देवाचे नाही, हे लक्ष्मीबाईंना त्यांच्याच चिंतनातून उमगले, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे पलायन नाही, पाठलाग नाही, सुटका नाही. एक बाई आपल्या गतीने चालत आली, आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्या माणसाने वाट पाहिली. उत्कंठेच्या कथेला यात फारसे काही सापडणार नाही. पाळकीय कार्याला मात्र याहून चांगला धडा क्वचितच मिळेल.

हा विषय आपणांस उज्जैनमध्ये अधिक जवळचा आहे. १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी असलेल्या या नगरीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत, आणि क्षिप्रेच्या घाटांवर यात्रेस येणाऱ्या स्त्रियांची श्रद्धा आपण नित्य पाहतो. १९६८ साली येथे सीरो-मलबार ख्रिस्तसभेचे स्वतंत्र धर्मक्षेत्र स्थापन झाले. त्याच साली मध्य प्रदेशात बळाने, लालुचीने वा फसवणुकीने होणाऱ्या धर्मांतरास प्रतिबंध करणारा धर्म स्वातंत्र्य अधिनियम झाला. बळ, लालूच व फसवणूक यांचा निषेध आपलीही श्रद्धा करते. त्याविषयी दुमत असू नये. परंतु त्या कायद्यात अज्ञान मूल, स्त्री आणि अनुसूचित जाती-जमातींची व्यक्ती यांच्या बाबतीत शिक्षा दुप्पट होती. २०२१ च्या नव्या कायद्यातही त्यांच्यासाठी वाढीव शिक्षेची ही तरतूद राहिली, आणि साठ दिवस आधी जिल्हाधिकाऱ्यास कळविण्याचे बंधनही आले. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अंतरिम आदेशाने या पूर्वसूचनेच्या कलमाखालील कारवाईस मनाई केली. त्या कायदेशीर वादात न शिरताही एक गोष्ट विचारणीय आहे. प्रौढ स्त्रीला अज्ञान मुलाच्या पंक्तीस बसविण्यामागे एक गृहीत आहे : तिचा निर्णय बहुधा दुसऱ्याचाच असणार. हेच गृहीत शारदा सदनाच्या वादात होते. डॉयल यांच्या कादंबरीत ल्यूसीला एका पुरुषाने पळवावे व दुसऱ्याने धरून आणावे, यामागेही तेच आहे. आणि वाँटेजच्या पत्रांतही ते डोकावते, हे आपण ख्रिस्ती लोकांनी मोकळेपणाने मान्य करावयास हवे. कायद्याला दोष देणाऱ्याने आधी स्वतःच्या घराची झाडलोट करावी.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्यावरील घोषणापत्र प्रसिद्ध केले. श्रद्धेच्या बाबतीत कोणासही त्याच्या सदसद्विवेकबुद्धीविरुद्ध वागावयास लावू नये, हे त्याचे सार. या तत्त्वाला दोन बाजू आहेत. येणाऱ्याला येऊ द्यावे, ही एक. थांबणाऱ्याला थांबू द्यावे, आणि जाणाऱ्याला शाप न देता जाऊ द्यावे, ही दुसरी. आपल्यातूनही मुली जातात, कधी विवाहामुळे, कधी श्रद्धा उरली नाही म्हणून. तेव्हा आपल्या धर्मग्रामात जी कुजबुज होते ती ऐकली की दुसरी बाजू आपण पुरती शिकलो आहोत असे म्हणवत नाही.

रूथच्या पुस्तकात दोन विधवा सुना आहेत. रूथ नामीबरोबर परक्या देशात जाते. अर्पा रडते, सासूचे चुंबन घेते व आपल्या माहेरी परतते. रूथची थोरवी आपण नेहमी गातो. पण पवित्र शास्त्राने अर्पेला दोषाचा एक शब्दही लावलेला नाही, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. नामीने दोघींनाही परत जाण्यास सांगितले होते. म्हणूनच रूथचे येणे हे खरोखर तिचे स्वतःचे येणे ठरले. बाप्तिस्म्यासाठी एखादी स्त्री दारात उभी राहील तेव्हा धर्मगुरूने तिला प्रथम हेच स्वातंत्र्य स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि तिचे उत्तर येईपर्यंत, टिळकांप्रमाणे, वाट पाहावी.