वऱ्हाडातील मताचा इतिहास आणि आपला समाज



संघाच्या स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही लिहावे, अशी सूचना संपादक मंडळाने केली, तेव्हा समाजाच्या उत्पत्तीविषयी लिहावे की कुलदैवतांविषयी, असा विचार प्रथम आमच्या मनात आला. परंतु ह्या दोन्ही विषयांवर मागील अंकांतून पुष्कळ लिहून झाले आहे, आणि खरे सांगावयाचे तर त्यात तर्काचा भाग बराच असतो. म्हणून आमच्या आजोबांच्या हयातीत घडलेला व तेवढाच आपल्या संसाराशी निगडित असलेला एक विषय आम्ही निवडला आहे. तो म्हणजे आपल्या वऱ्हाडातील मताचा इतिहास.

वऱ्हाडची राजकीय स्थिती प्रथमपासूनच चमत्कारिक होती. १८५३ च्या तहाने निजामाने हा मुलूख इंग्रजांकडे सोपविला, १९०२ मध्ये सालिना पंचवीस लक्ष रुपयांवर त्याचा कायमचा पट्टा झाला, आणि १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडण्यात आला. कारभार इंग्रजांचा, परंतु नावाची मालकी निजामाची! ह्याचा परिणाम असा झाला की, १९१९ च्या कायद्याप्रमाणे नागपूरच्या कायदे कौन्सिलासाठी वऱ्हाडातून जे सभासद निवडून येत, त्यांना सरकार पुन्हा 'नियुक्त' करून घेई. वऱ्हाड कायद्याने ब्रिटिश मुलूख नव्हता, म्हणून हा खटाटोप. आमच्या विद्यार्थ्यांना हे सांगितले म्हणजे ती हसत. पण ज्यांच्या जमिनीचा मालक एक आणि सारा घेणारा दुसरा, त्यांच्या मताचे असेच व्हावयाचे.

असो. त्या काळी मत होते तरी कोणाला? ठराविक रकमेचा शेतसारा भरणाऱ्याला, प्राप्तिकर देणाऱ्याला, आणि पुढे १९३५ च्या कायद्याने ठराविक शिक्षण झालेल्याला. १९३७ च्या निवडणुका ह्या कायद्याखाली झाल्या. सर्व ब्रिटिश हिंदुस्थानात मिळून सुमारे तीन कोटी लोकांना मत होते. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळात ११२ जागा होत्या. त्यांपैकी २० जागा पुणे कराराप्रमाणे अस्पृश्य मानलेल्या समाजांसाठी राखीव होत्या, तर मुसलमानांच्या १४ जागांसाठी त्यांचे मतदार निराळे होते. आपला समाज ह्यांपैकी कोठेच बसत नव्हता. आपली माणसे कारागीर, हातावर पोट असलेली. गावगाड्यात बलुते मिळे, पण सातबारा नव्हता. शिक्षण दुसरी-तिसरीपर्यंतचे. आमच्या आजोबांना १९३७ मध्ये मत नव्हते. डोणगावात मत होते ते वाड्यांत आणि दुकानांत. निवडणुकीच्या दिवशी आजोबांनी काय केले, असे आम्ही लहानपणी एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, "पाटलाच्या गाडीचे बैल धरले." हा दिवस त्यांना आठवत होता तो एवढ्याच कामासाठी.

स्वातंत्र्यानंतर घटनेने प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मत दिले. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशाच्या यादीत १७ कोटींहून अधिक मतदार होते. तीन कोटींवरून सतरा कोटी! मताला जी माणसे नव्याने आली, त्यांत आमचे आजोबा व आजी होती. त्या वेळी आजच्यासारखी यंत्रे नव्हती, मतपत्रिकेवर शिक्का मारण्याचीही पद्धत नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह, आणि मतदाराने आडोशाला जाऊन हव्या त्या पेटीत कागद टाकावयाचा. चिन्ह ओळखता आले म्हणजे पुरे. निरक्षरांच्या देशात ही योजना मोठी शहाणपणाची होती, असे आमचे मत आहे. आजोबा सांगत की, आडोशाच्या आत गेल्यावर ते क्षणभर नुसते उभे राहिले. मागे कोणी पाहत नाही, ह्याची त्यांना खात्रीच होईना.

ह्या निवडणुकीची आणखी एक गोष्ट समाजभगिनींनी जाणून घ्यावी. स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको' किंवा 'तमक्याची आई' एवढीच नोंद करून देणाऱ्या सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे निवडणूक आयोगाने देशातील याद्यांतून गाळली. स्वतःच्या नावावाचून मत नाही, हा आयोगाचा निर्णय कठोर होता. परंतु त्यामुळेच पुढील निवडणुकीत नावे नीट नोंदविली गेली.

आता वाचकांना एक मौजेची गोष्ट सांगतो. आमच्या आजोबांनी पहिली तीन मते एकाच गावात दिली, पण ती तीन राज्यांत पडली. १९५२ चे मत मध्य प्रदेशचे, राजधानी नागपूर, राज्यकारभाराच्या भाषा हिंदी आणि मराठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, म्हणून १९५७ चे मत मराठी-गुजराती राज्याचे. आणि १ मे १९६० नंतरचे, १९६२ चे मत महाराष्ट्राचे.

ह्या घडामोडींत आपल्या भागाचे मन एकसारखे नव्हते, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. फाजल अली आयोगाने १९५५ च्या अहवालात बुलढाण्यासह आठ जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य सुचविले होते. लोकनायक बापूजी अणे व ब्रिजलाल बियाणी ह्यांचा कल वेगळ्या विदर्भाकडे होता. बियाणी जन्माने मारवाडी, तरी लोक त्यांना विदर्भकेसरी म्हणत; आपल्या प्रांतात पुढारीपण केवळ जातीभाषेवर ठरत नसे, ह्याचे हे उदाहरण होय. दुसरीकडे १९४७ चा अकोला करार आणि १९५३ चा नागपूर करार ह्यांनी एकत्र महाराष्ट्राची वाट मोकळी केली. नागपूरला विधिमंडळाचे अधिवेशन आणि नोकऱ्यांत व शिक्षणात लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, ही त्यातील आश्वासने. अधिवेशन नागपुरास भरत आले. वाट्याचे गाऱ्हाणे मात्र राहिले. घटनेच्या ३७१ व्या कलमाखालील विकास मंडळ १९९४ मध्ये स्थापन झाले आणि एप्रिल २०२० मध्ये त्याची मुदत संपली.

१९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला धूळ चारली. पण ३९६ जागांपैकी २३४ जागा मिळवून काँग्रेसचे राज्य टिकले, ते विदर्भ, मराठवाडा आणि गुजरात ह्यांच्या बळावर. म्हणजे यशवंतराव चव्हाणांचे मंत्रिमंडळ ज्या मतांवर उभे होते, त्यांत डोणगावच्या पेट्यांचाही भाग होता. पुढे १९६२ मध्ये कन्नमवार आणि १९६३ मध्ये वसंतराव नाईक हे विदर्भाचे पुत्र लागोपाठ मुख्यमंत्री झाले.

वसंतराव नाईकांविषयी थोडे अधिक लिहिणे प्राप्त आहे. ते पुसद तालुक्यातील गहुलीचे, बंजारा समाजाचे. बंजारा समाज राज्यात बहुसंख्य नाही. तरीही ते अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिले. त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून जिल्हा परिषद व पंचायत समित्या १ मे १९६२ पासून अस्तित्वात आल्या आणि आपल्याकडील जुन्या जनपद सभा गेल्या. एकट्या आपल्या जातीच्या मतांवर कोणी अकरा वर्षे राज्य करीत नाही.

हे आम्ही मुद्दाम लिहितो, कारण आमच्या डोळ्यांसमोर घडलेली एक गोष्ट सांगावयाची आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी जवळच्या एका गावी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत आपल्या समाजाने बैठक घेऊन ठराव केला की, मते आपल्याच माणसाला, दुसऱ्या कोणाला नाही. बेलभंडारा उचलून शपथा झाल्या. आपली घरे त्या प्रभागात वीसच्या आत. उमेदवार पडला हे सांगावयास नकोच. परंतु त्याहून वाईट म्हणजे, 'ह्यांना आम्ही नकोत' असे इतर समाजांनी मनात धरले, आणि पुढची पाच वर्षे आपल्या आळीचा रस्ता व नळ मागे पडत गेला. त्या बैठकीस आम्हीही होतो आणि ठरावाच्या बाजूने बोललो होतो. शिक्षकाला गणित यावयास हवे होते!

१९९४ पासून महाराष्ट्रात पंचायतींत इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा मिळू लागल्या, स्त्रियांना प्रथम एकतृतीयांश व २०११ पासून निम्म्या. आपल्या समाजाचे पहिले सरपंच त्यामुळेच पाहावयास मिळाले. पण ४ मार्च २०२१ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने आपल्या शेजारच्या अकोला व वाशीमसह काही जिल्हा परिषदांतील पन्नास टक्क्यांवरच्या जागा रद्द केल्या, तेव्हा निवडून आलेल्यांना घरी बसावे लागले. कारण असे की, मागासलेपणाची अद्ययावत माहितीच गोळा केलेली नव्हती. आपल्या संघाकडे तरी समाजाच्या घरांची, शिक्षणाची, शेतीची मोजदाद कोठे आहे?

आहे ती एक सभासदयादी, जी ह्याच स्मरणिकेच्या शेवटी छापली जाते. तीत घरातील कर्त्या पुरुषाचे नाव असते व पुढे 'सहकुटुंब' एवढा एकच शब्द. कार्यकारी मंडळ टाळ्यांच्या गजरात निवडले जाते. गुप्त मतदान आमच्या आठवणीत झालेले नाही. आमच्या आजीचे नाव १९५२ च्या सरकारी यादीत होते. संघाच्या यादीत ते कधीच आले नाही, आणि आमच्या सुनांचेही अद्याप नाही. यंदाच्या वार्षिक सभेत यादी दुरुस्तीचा व मतपेटीचा ठराव आम्ही मांडणार आहोत. त्याला अनुमोदन देण्याचे एका भगिनीने कबूल केले आहे. फक्त ती सभासद नसल्याने तिला बोलता येईल की नाही, हे अध्यक्षमहाशयांनी आधी सांगावे.