कायम, मुदतीची, तात्पुरती : आंतरराष्ट्रीय संघटनांतील नेमणुकीचा इतिहास

संयुक्त राष्ट्रांतील एखाद्या पदाची जाहिरात तुम्ही वाचायला घेतलीत, की पदनाम, श्रेणी आणि ठिकाण यांच्याबरोबर एक छोटा शब्द दिसतो : 'मुदतीची', 'तात्पुरती' किंवा 'सल्लागार'. बहुतेक अर्जदार पगाराचा आकडा आधी शोधतात आणि या शब्दाकडे नंतर वळतात. या पाठात आपण त्या शब्दापासूनच सुरुवात करू. तो कार्मिक विभागाची सोय म्हणून आलेला नाही. आंतरराष्ट्रीय नोकराने शेवटी कोणाचे ऐकायचे, संघटनेचे की स्वतःच्या देशाच्या सरकारचे, या भांडणातून तो घडला आहे.

पहिले महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये राष्ट्रसंघाची उभारणी सुरू झाली, तेव्हा सचिवालय कसे असावे याबद्दल दोन कल्पना होत्या. प्रत्येक मोठ्या देशाने आपापले अधिकारी पाठवावेत, पगारही त्यानेच द्यावा, अशी एक. पहिले महासचिव एरिक ड्रमंड यांनी ती बाजूला ठेवली आणि संघटनेनेच निवडलेले, संघटनेच्याच पगारावरचे कर्मचारी नेमले. १९२० च्या बाल्फोर अहवालाने त्यावर शिक्कामोर्तब केले : नेमणूक झाली की तो माणूस तेवढ्या काळापुरता आपल्या देशाचा नोकर राहत नाही, केवळ राष्ट्रसंघाचा राहतो. पुढच्याच वर्षी नोब्लमेअर समितीने पगाराचे तत्त्व घालून दिले. सर्वाधिक पगार देणाऱ्या देशाच्या मुलकी सेवेतील माणसालाही ही नोकरी परवडली पाहिजे, नाहीतर त्या देशातून कोणी येणार नाही. त्या काळी तो मान ब्रिटिश सेवेचा होता. आजही या संघटनांच्या व्यावसायिक श्रेणीचे पगार याच तत्त्वावर ठरतात. 'तिथले पगार एवढे कसे?' असे कोणी विचारले तर उत्तर शंभर वर्षे जुने आहे.

राष्ट्रसंघाच्या कराराने सर्व पदे स्त्रीपुरुषांना सारखीच खुली केली होती. व्यवहारात विभागप्रमुख पदापर्यंत पोचलेली स्त्री एकच, रेचेल क्राउडी. भारताची गोष्टही काहीशी तशीच आहे. परतंत्र असूनही भारत राष्ट्रसंघाचा मूळ सदस्य होता आणि वर्गणीही भरत होता. पण जिनिव्हाच्या कचेरीत भारतीय फार थोडे, अशी तक्रार दिल्लीच्या कायदेमंडळात वारंवार होई. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत भारताचा वावर तुलनेने ठळक होता. १९१९ च्या वॉशिंग्टन येथील पहिल्या परिषदेला कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी गेले होते आणि १९२८ मध्ये त्या संघटनेने दिल्लीत आपली शाखा उघडली.

१९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत हे सारे दोन कलमांत आले. कलम १०० नुसार कर्मचाऱ्याने कोणत्याही सरकारकडून आदेश मागू नयेत, घेऊ नयेत, आणि सरकारांनीही ते देऊ नयेत. कलम १०१ नुसार निवड करताना सर्वांत मोठा विचार कार्यक्षमता, पात्रता आणि सचोटी यांचा. मात्र भरती शक्य तितक्या विस्तृत भौगोलिक पायावर व्हावी याकडेही लक्ष हवे. वाक्यरचना नीट पाहा. आधी गुणवत्ता, मग भूगोल. सदस्य देश या दोहोंचा क्रम गेली कित्येक दशके आपापल्या सोयीने वाचत आले आहेत.

सनदेची खरी कसोटी १९५२ मध्ये न्यूयॉर्कलाच लागली. अमेरिकन सिनेटच्या अंतर्गत सुरक्षा उपसमितीने सचिवालयातील अमेरिकन नागरिकांना बोलावून विचारायला सुरुवात केली : तुम्ही कम्युनिस्ट पक्षात आहात का, पूर्वी होतात का? अनेकांनी अमेरिकन राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीचा आधार घेऊन उत्तर द्यायला नकार दिला. हा त्यांचा घटनादत्त हक्क होता. तो बजावल्याने गुन्हा सिद्ध होत नव्हता. तरीही यजमान देशाच्या दबावाखाली महासचिव ट्रिग्वे ली यांनी त्यांना काढायला सुरुवात केली. आधी गेले ते तात्पुरत्या नेमणुकीचे. कायम नेमणूक असलेल्यांसाठी ली यांना तीन कायदेतज्ज्ञांची समिती नेमून सल्ला घ्यावा लागला, आणि तो मिळाल्यावरच त्यांच्यावर कारवाई झाली. करारातला एक शब्द किती आठवड्यांचे संरक्षण देतो, हे इथे उघड दिसते. त्याच नोव्हेंबरात संघटनेचे प्रमुख विधी सल्लागार अब्राहम फेलर यांनी आत्महत्या केली. ली यांनी त्याआधी थोडेच दिवस राजीनाम्याची घोषणा केली होती.

काढलेले लोक संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे गेले. हे न्यायाधिकरण १९४९ मध्ये स्थापन झाले होते. १९५३ मध्ये २१ अर्जदारांपैकी ११ जणांच्या बाजूने निकाल लागला. ज्यांना परत घेण्याचा हुकूम झाला त्यांना नवे महासचिव डाग हॅमरशोल्ड यांनी घेतले नाही, त्यांना भरपाई ठरली. ती तरी का द्यावी, असा आक्षेप अमेरिकेने घेतला आणि प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे गेला. १३ जुलै १९५४ रोजी न्यायालयाने मत दिले की न्यायाधिकरणाने दिलेली भरपाई आमसभेला नाकारता येत नाही. वर्गणी देणारे सदस्य देश मालक खरे, पण मालकालाही स्वतःच नेमलेल्या न्यायाधिकरणाचा निकाल पाळावा लागतो, असा त्याचा अर्थ.

याच सुमारास पॅरिसला युनेस्कोत घडलेला प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे, कारण इथे कोणाला बडतर्फ केलेलेच नव्हते. अमेरिकन सरकारने आंतरराष्ट्रीय संघटनांतील आपल्या नागरिकांसाठी एक निष्ठा मंडळ नेमले होते. युनेस्कोतील काही अमेरिकन कर्मचाऱ्यांनी त्याच्या प्रश्नावलीला उत्तर द्यायचे नाकारले. महासंचालक ल्यूथर इव्हान्स स्वतः अमेरिकन होते. त्यांनी एवढेच केले की या लोकांचे मुदतीचे करार संपल्यावर नवे करार दिले नाहीत. कागदोपत्री सगळे स्वच्छ दिसत होते, कारण मुदत संपली की नोकरी संपते. कर्मचारी मात्र आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या न्यायाधिकरणाकडे गेले. युनेस्कोने सर्वांना कळवले होते की काम समाधानकारक असलेल्यांना नवा करार मिळेल. मग आम्हालाच का वगळले? १९५५ मध्ये न्यायाधिकरणाने त्यांचे म्हणणे मान्य केले. युनेस्कोच्या कार्यकारी मंडळाने न्यायाधिकरणाच्या अधिकारावरच शंका घेतली. पण २३ ऑक्टोबर १९५६ रोजी हेगच्या न्यायालयाने ते निकाल वैध ठरवले. मुदतीचा करार नूतनीकरणाची हमी देत नाही, पण नूतनीकरण नाकारण्याचे कारण कोणतेही चालेल असेही नाही, हे तेव्हापासून कायद्यात रुजले.

दुसऱ्या गोटाचा दृष्टिकोन उलटा होता. सोव्हिएत संघाला कायम नेमणुका नकोच होत्या. त्याचे नागरिक सरकारकडून ठरावीक वर्षांसाठी पाठवले जात आणि परत बोलावले जात. १९८३ मध्ये व्लादिमीर याकिमेत्स या सोव्हिएत कर्मचाऱ्याने अमेरिकेत आश्रय मागितला आणि वर्षअखेरीस त्याचा मुदतीचा करार संपला. पाच वर्षांच्या चांगल्या सेवेनंतर कायम नेमणुकीसाठी वाजवी विचार व्हावा, असा आमसभेचा ठराव डिसेंबर १९८२ चाच होता. याकिमेत्सने त्याचा आधार घेतला, पण न्यायाधिकरणात तो हरला. १९८७ मध्ये हेगच्या न्यायालयानेही तो निकाल बदलला नाही. 'विचार' मिळण्याचा हक्क आणि नोकरी मिळण्याचा हक्क यांतले अंतर त्याला फार महागात पडले. युनेस्कोची माणसे जिंकली आणि हा हरला, यात काही अंशी नशिबाचा भाग होता असे मला वाटते.

आज तुम्ही अर्ज करता ती चौकट १ जुलै २००९ पासूनची आहे. संयुक्त राष्ट्र सचिवालयाने त्या दिवशी नियमावल्या एकत्र करून नेमणुकीचे तीन प्रकार ठेवले. तात्पुरती नेमणूक एक वर्षाच्या आतली. मुदतीची एक ते पाच वर्षांची, नंतर वाढवता येणारी. तिसरी 'अखंड', म्हणजे अंतिम तारीख नसलेली. तिच्यासाठी निदान पाच वर्षांची सलग सेवा लागते, आणि पाच वर्षे झाली म्हणून ती आपोआप मिळत नाही. जुनी 'कायम' नेमणूक नव्या लोकांसाठी बंद झाली. मुदतीच्या नियुक्तिपत्रात तुम्हाला एक ठरलेले कलम सापडेल : नूतनीकरणाची कोणतीही अपेक्षा, कायदेशीर वा अन्य, धरता येणार नाही. पन्नाशीच्या दशकातल्या त्या निकालांना मनात ठेवूनच असे कलम लिहिले जाते, हे आता तुम्हाला ओळखता येईल.

भारतात बसून अर्ज करणाऱ्यांपुढे बहुधा वेगळेच प्रकार येतात. व्यावसायिक श्रेणीची पदे, पी-२ पासून पी-५ पर्यंत, जगभरातून भरली जातात. पदव्युत्तर पदवीसह पी-२ ला साधारण दोन, पी-३ ला पाच आणि पी-४ ला सात वर्षांचा अनुभव मागतात. दिल्लीतील कार्यालयांत मात्र सर्वसाधारण सेवेची आणि 'राष्ट्रीय व्यावसायिक अधिकारी' ही पदे स्थानिक भरतीची असतात. या अधिकाऱ्याचे काम पी श्रेणीसारखे, पण पगार देशातल्या बाजारभावाने. नोब्लमेअर तत्त्व इथे लागू नाही. स्वयंसेवकांचा कार्यक्रम १९७० पासून वेगळा चालतो. अर्ज करताना कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेतले जात नाही. कोणी मागितले तर ती फसवणूकच समजा.

आणि सल्लागार. सचिवालयाच्या नियमानुसार एका व्यक्तीला ३६ महिन्यांत जास्तीत जास्त २४ महिने सल्लागार म्हणून घेता येते. तो 'कर्मचारी' नसतो. निवृत्तिवेतन निधीत त्याचे नाव नसते, आणि वर सांगितलेल्या न्यायाधिकरणांचे दार, किंवा २००९ मध्ये त्यांच्या जागी सचिवालयासाठी आलेल्या विवाद आणि अपील न्यायाधिकरणांचे दार, त्याला उघडे नसते. वाद झालाच तर लवाद. म्हणून जाहिरातीत 'सल्लागार' असे दिसले, तर मासिक मानधनाला बारा महिन्यांनी गुणण्याआधी विमा, रजा आणि दोन करारांमधल्या रिकाम्या महिन्यांचा हिशेब मांडा, आणि करारपत्रातले वादनिवारणाचे कलम सही करण्याआधी वाचा.