पर्वतावर दाखविलेला नमुना

सरकारी कचेरीत ज्याची वर्षे गेली त्याला ‘नमुना’ आणि ‘दाखला’ हे दोन शब्द नवे नसतात. नमुना म्हणजे वरून ठरवून आलेला साचा. त्यातील रकाने आपल्या सोयीने बदलता येत नाहीत. दाखला म्हणजे पूर्वी एखाद्या प्रकरणी काय झाले त्याची नोंद. तो लागू करण्यापूर्वी हातातले प्रकरण त्याच जातीचे आहे की नाही, हे पाहावे लागते. बायबलाच्या वाचकालाही या दोन गोष्टी पदोपदी भेटतात. त्यांच्यातील भेद कसा करावा हा प्रश्न केवळ पंडितांच्या वादापुरता राहिलेला नाही. त्यापायी मंदिरे उभी राहिली, मूर्ती फुटल्या, माणसे गुलामीत डांबली गेली आणि गुलामीतून सुटलीही. आणि बहुतेक वेळी दोन्ही पक्षांनी याच ग्रंथातील पान उघडून दाखविले. म्हणून देवाने घालून दिलेला नमुना म्हणजे बायबलात नेमके काय, याचा इतिहासाच्या अंगाने विचार करणे अगत्याचे आहे.

‘निर्गम’ नावाच्या पुस्तकात मिसर देशाच्या दास्यातून सुटलेले इस्राएल लोक सीनाय पर्वताच्या पायथ्याशी तळ देऊन राहिले आहेत. मोशे पर्वतावर जातो. तेथे त्याला आज्ञा होते की, लोकांच्या मध्यभागी देवासाठी एक निवासमंडप उभारावा आणि तो पर्वतावर दाखविलेल्या नमुन्याबरहुकूम असावा. येथे मूळ हिब्रू शब्द आहे ‘तवनीत’. ‘बांधणे’ या अर्थाच्या धातूपासून तो झाला आहे. त्यानंतर मोजमापांची लांबलचक यादी येते. कोश बाभळीच्या लाकडाचा, अडीच हात लांब, दीड हात रुंद व दीड हात उंच; मंडपाच्या फळ्या दहा दहा हात उंच; शिवाय पडदे, आकड्या, खुंट्या, दिवे, याजकाची वस्त्रे. 25 ते 31 या अध्यायांत हे सारे सांगितले आहे, आणि 35 ते 40 या अध्यायांत कारागिरांनी ते तसेच केले म्हणून जवळजवळ तोच मजकूर पुन्हा आला आहे. आजचा वाचक ही पाने कंटाळून उलटतो. परंतु या दोन याद्यांच्या मध्ये, 32व्या अध्यायात, काय आहे ते पाहण्यासारखे आहे. वर पर्वतावर मोशे नमुना पाहत असताना खाली लोकांनी धीर सोडला आणि कानांतली कुंडले उतरवून त्यांच्या सोन्याचे वासरू ओतविले. पुढे मंडपासाठी लोकांनी जे दान आणले त्यातही कुंडले आहेतच. सोने एकाच जातीचे, हातही त्याच लोकांचे. भेद आहे तो आज्ञा कोणाची आणि नमुना कोठून आला, एवढाच.

देवाने मंदिराचा नकाशा दाखवावा, ही कल्पना एकट्या इस्राएलांची नव्हे. इसवी सनापूर्वी सुमारे 2100 च्या सुमारास दक्षिण मेसोपोटेमियातील लगाशचा राजा गुदेआ याने आपल्या देवाचे मंदिर बांधले. ते बांधण्याची आज्ञा त्याला स्वप्नात झाल्याचे त्याच्या मातीच्या लेखस्तंभांवर कोरलेले आहे. मांडीवर मंदिराचा आराखडा घेऊन बसलेली त्याची शिरविरहित मूर्ती पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तेथे नमुना राजाला मिळतो आणि त्याने राजाचे वैभव वाढते. ‘निर्गम’मध्ये मात्र राजा नाही. नमुना मिळतो तो नुकत्याच सुटलेल्या दासांच्या जमावाला, आणि ती वास्तू म्हणजे खांद्यावर वाहून नेता येईल असा तंबू आहे.

‘तवनीत’ या शब्दाची दुसरी बाजू अनुवादाच्या पुस्तकात दिसते. पुरुषाची, स्त्रीची, पशूची वा पक्ष्याची प्रतिमा करू नका, असे तेथे निक्षून सांगितले आहे, आणि ‘प्रतिमा’ या अर्थी मूळ शब्द पुन्हा ‘तवनीत’च आहे. जो शब्द मंडपाच्या पवित्र नमुन्याला, तोच निषिद्ध मूर्तीला. म्हणजे नमुना असणे ही स्वतः काही पावित्र्याची खूण नव्हे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकातील दोन प्रसंग हेच सांगतात. सुमारे 732 मध्ये, अर्थात इसवी सनापूर्वी, यहूदाचा राजा आहाज अश्शूरच्या सम्राटाला मुजरा करण्यासाठी दिमिष्कास गेला. तेथली वेदी त्याच्या मनात भरली. त्याने तिचा आराखडा यरुशलेमात उरीया याजकाकडे धाडला आणि उरीयाने राजा परत येण्यापूर्वीच तंतोतंत तशी वेदी बांधून ठेवली. हुकमाची अंमलबजावणी इतकी चोख की तीत एका बोटाचीही चूक नसावी. नमुना कोठला, हे विचारणे तेवढे राहून गेले. आम्हा नोकरवर्गातील माणसांना उरीयाचे हे चरित्र थोडे लागते, हे कबूल केले पाहिजे.

दुसरा प्रसंग आहाजाचा मुलगा हिज्कीया याचा. अरण्यात सर्पदंशाने लोक मरू लागले तेव्हा देवाच्याच आज्ञेवरून मोशेने पितळेचा सर्प केला होता, अशी कथा आहे. तो सर्प पुढे पिढ्यान्‌पिढ्या जपला गेला आणि लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले. हिज्कीयाने तो फोडून टाकला, आणि ग्रंथकाराने त्याची स्तुतीच केली आहे. दैवी आज्ञेने घडलेली वस्तूसुद्धा तिचा हेतू संपल्यावर अडसर होऊ शकते, एवढे निर्भीड विधान त्या प्राचीन ग्रंथात आहे.

मंडपाच्या जागी पुढे शलमोनाचे मंदिर आले. मंडपाचे अंतर्गृह लांबी, रुंदी व उंचीने दहा हात होते. मंदिराचे वीस हात झाले. साचा तोच राहून माप दुप्पट झाले. इसवी सनापूर्वी 586 मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सराच्या सैन्याने ते जाळले. बंदिवासाच्या पंचविसाव्या वर्षी यहेज्केल संदेष्ट्याला दृष्टान्त झाला आणि त्यात भिंती, दारे व अंगणे एका पुरुषाने मोजून दाखविली. ते मंदिर त्या मापांनी कधीच बांधले गेले नाही. बंदिवासानंतर उभारलेले दुसरे मंदिर इ. स. 70 मध्ये रोमनांनी उद्ध्वस्त केले. तरीही सुमारे इ. स. 200 मध्ये संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मग्रंथात त्या मंदिराच्या मापांचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. वास्तू गेली, नमुना पाठांतरात राहिला.

परंतु मापांच्या पलीकडचाही एक दैवी नमुना आहे आणि त्याला वास्तू लागत नाही. तो शब्बाथ. निर्गमाच्या 20व्या अध्यायात त्याचे कारण असे दिले आहे की, देवाने सहा दिवस सृष्टी घडविली व सातव्या दिवशी विसावा घेतला. माणसाने तसेच करावे. येथे देवाची कृती हाच कित्ता. अनुवादाच्या 5व्या अध्यायात तीच आज्ञा आहे, पण कारण निराळे आहे: तुम्ही स्वतः मिसरात दास होता हे आठवा, आणि तुमच्या दासाला व दासीलाही तुमच्यासारखा विसावा मिळू द्या. एक कारण सृष्टीच्या रचनेतले, दुसरे दुःखाच्या स्मृतीतले. या नमुन्याची चिवटपणे जपणूक कशी होते याची साक्ष आपल्या कोकणाने दिली आहे. रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीवरील बेने इस्राएल समाज तेलाचे घाणे चालवी. हिब्रू भाषेचे ज्ञान व ग्रंथ बहुतांशी हरवले होते. तरी शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले.

ग्रीक भाषेत हे ग्रंथ गेले तेव्हा ‘तवनीत’साठी ‘टायपॉस’ हा शब्द योजला गेला. टायपॉस म्हणजे आघाताने उमटलेला ठसा. अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फायलो याने प्लेटोच्या विचाराच्या प्रकाशात असे म्हटले की, मोशेने पर्वतावर पाहिले ते अमूर्त मूलरूप होते आणि मंडप ही त्याची इंद्रियगोचर प्रतिकृती. नव्या करारातील इब्री लोकांस पत्रात मंडपाला स्वर्गीय वस्तूंची छाया म्हटले आहे. पौलाने सुमारे इ. स. 55 मध्ये करिंथच्या मंडळीला लिहिले तेव्हा अरण्यात बहकलेल्या इस्राएलांचा दाखला त्याने इतरांना हिणविण्यासाठी नव्हे, आपल्याच वाचकांना सावध करण्यासाठी दिला. पुढे मात्र या विचाराला दोन फाटे फुटले. दुसऱ्या शतकात मार्कियनने यहुदी शास्त्र सर्वस्वी टाकून द्या असे सांगितले, तेव्हा ते ख्रिस्ताचे पूर्वचिन्ह आहे या युक्तिवादाने चर्चने ते राखले. हे मोठेच काम झाले. पण त्याच शतकात सार्दीसच्या मेलितोने वल्हांडणावरील प्रवचनात, खरी वस्तू आल्यावर साचा निरुपयोगी ठरतो असे सांगून इस्राएलावर देवाच्या वधाचा आरोप ठेवला. जिवंत शेजाऱ्याला केवळ आपली छाया समजण्याचे परिणाम यहुद्यांनी युरोपात शतकानुशतके भोगले. यहुद्यांवर सरसकट हा आरोप ठेवता येत नाही, असे रोमन कॅथॉलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत 1965 साली जाहीर केले.

पूर्वचिन्हाचा हा विचार मराठीतही आला. इंग्रज जेझुइट फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. ओवीबद्ध अशा या ग्रंथाचे दोन भाग आहेत. ‘पैले पुराण’ जुन्या करारातील कथा सांगून तारणाऱ्याची वाट तयार करते, आणि ‘दुसरे पुराण’ त्याचे चरित्र गाते. नमुना आणि पूर्ती यांची ही जोडी त्या ग्रंथाची रचनाच आहे.

दाखल्याचा उपयोग आणि दुरुपयोग अमेरिकेच्या इतिहासात एकमेकांशेजारी दिसतात. 1776 साली नव्या राष्ट्राच्या मुद्रेसाठी फ्रँकलिनने तांबडा समुद्र दुभंगणारा मोशे व बुडणारा फारो सुचविला; जेफर्सनने अरण्यात मेघ व अग्निस्तंभाच्या मागून चालणारे इस्राएल सुचविले. दोन्ही चित्रे स्वीकारली गेली नाहीत. फारोचा जुलूम ओळखणाऱ्या जेफर्सनच्या स्वतःच्या मळ्यावर मात्र शेकडो गुलाम राबत होते. गुलामगिरीच्या समर्थकांनी नोहाच्या शापाचा दाखला काढला. मूळ कथेत शाप आहे तो हामाचा पुत्र कनान याला, आणि कातडीच्या रंगाचा तेथे उल्लेखसुद्धा नाही. उलट गुलामांनी निर्गमाची कथा आपली म्हणून ऐकली. 1849 साली पळून सुटलेल्या हॅरिएट टबमनने पुन्हा पुन्हा माघारी जाऊन सुमारे 70 जणांना सोडवून आणले. लोक तिला मोशे म्हणत. 3 एप्रिल 1968 रोजी मेम्फिस येथे मार्टिन ल्यूथर किंग यांनी पर्वतावरून वचनदत्त भूमी पाहणाऱ्या मोशेचे रूपक स्वतःला लावले. दुसऱ्या दिवशी त्यांची हत्या झाली.

मग खरा दाखला कोणता, खोटा कोणता, हे ठरवावे कसे? पेत्राच्या पहिल्या पत्रात ख्रिस्ताने सोसलेल्या दुःखाला ‘हायपोग्रामॉस’ म्हटले आहे. हा शब्द ग्रीक पाठशाळेतला. गुरुजी अक्षरे काढून देत, मुले ती गिरवीत. आपल्याकडे कित्ता गिरविणे म्हणतात ते हेच. ज्या अध्यायात हा शब्द येतो त्यात दासांनी सहन करावे असा उपदेश आहे, आणि गुलामांच्या मालकांनी तो त्यांना हौसेने वाचून दाखविला. परंतु कित्ता स्वतः गिरवायचा असतो. दुसऱ्याचा हात धरून त्याच्याकडून गिरवून घ्यायचा नसतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शेवटच्या भोजनाच्या वेळी उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. आपण हे उदाहरण घालून दिले आहे, असे तो सांगतो. येथे वाकणारा गुरू आहे, शिष्य नव्हेत.

याही उदाहरणाचा पुढे विधी झाला. पवित्र गुरुवारी बारा पुरुषांचे पाय धुण्याचा नियम कॅथॉलिक उपासनेत होता. 28 मार्च 2013 रोजी पोप फ्रान्सिस यांनी रोममधील एका बालबंदीगृहात जाऊन बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले. त्यांत मुली होत्या आणि मुसलमानही होते. शिष्य पुरुष होते ही गोष्ट नमुन्याचा भाग की केवळ प्रसंगाचा तपशील, असा वाद तेव्हा झाला. 2016 साली स्त्रियांनाही घेता यावे म्हणून नियम बदलण्यात आला. फ्रान्सिस 2025 साली निवर्तले.

निवासमंडपाचे माप एका हाताने चुकले असते तर बसालेल कारागिराला ते पुन्हा करावे लागले असते. पाय धुण्याच्या कित्त्याला मात्र हाताचे माप नाही. तेथे एवढेच पाहायचे की, वाकले कोण आणि पाय कोणाचे धुतले गेले.