शिंकांची गोळी



थंडी सरताना माझ्या शिंका सुरू होतात. पूर्वी घरात असेल ती गोळी घ्यायचे आणि सामायिकात पेंगायचे. माळ हातातून गळायची. म्हणून या गोळ्यांचा इतिहास वाचला.

१८१९ साली लंडनमध्ये डॉ. जॉन बोस्टॉक यांनी स्वतःच्याच या दुखण्याचं वर्णन केलं. १८७३ मध्ये चार्ल्स ब्लॅकली यांनी त्याचं मूळ परागकणांत दाखवलं. गोळ्या मिळायला मात्र १९४०चं दशक उजाडलं. त्या हिस्टामिनला अडवत, पण मेंदूतही शिरत, म्हणून झोप यायची. १९८५ मध्ये अमेरिकेत झोप न आणणारं टर्फेनाडिन आलं. पण काही अँटिबायोटिक किंवा बुरशीवरच्या औषधांबरोबर घेतलं की हृदयाचे ठोके बिघडत, प्राणही गेले. ते बंद झालं. टर्फेनाडिनचं शरीरात फेक्सोफेनाडिन होतं. आता तेच गोळीत मिळतं आणि हृदयाला हा धोका नाही.

आता औषधाच्या दुकानात मी आधी माझ्या चालू गोळ्या दाखवते. कॅप्सूलमध्ये बहुधा जिलेटिन असतं, म्हणून साधी गोळीच मागते. सेटिरिझिननं मला अजून पेंग येते, तेव्हा ते संध्याकाळी, चौविहाराआधी. फेक्सोफेनाडिन सकाळी, उकळलेल्या पाण्याबरोबर. फळांच्या रसाबरोबर नको गं, गुण कमी येतो.