शांबरिक खरोलिका ते आभासी जग

आता बघा, आभासी जग म्हटलं की आपल्याला डोळ्यांवरचा हेडसेटच आठवतो. पण १८९२ साली कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ दाखवली. काचेवर हातानं रंगवलेली चित्रं पडद्यावर हलायची, सोबत निवेदन आणि संगीत. नाव शंबरासुराच्या मायेवरून, म्हणजे ‘ही माया आहे’ हे आधीच सांगून टाकलेलं! आपल्या चुडाव्याकडच्या गोंधळात तर पडदाही नसतो. संबळ, दिवटी नि कथा, एवढ्यावर रात्र सरते. दोन्हीकडे शेजाऱ्याचा खांदा लागतो, वाटलं तर उठून जाता येतं. उद्याच्या आभासात स्पर्श येईल, वासही येईल. त्यात एकेकटे शिरलेले आपण बाहेर कधी यायचं, हे ठरवणार कोण?