धर्मग्रामाच्या वह्यांतील वंशावळी

जुबिलीचा महोत्सव आला कीं पुष्कळ घरांतून एक प्रश्न हटकून निघतो : आपले वाडवडील कोण, ते कोठले, आणि या जंगलमुलखांत केव्हां आले ? मोठ्या घराण्यांस याचें उत्तर हुडकावें लागत नाहीं. चांद्याच्या गोंड राजांचीं नांवें इतिहासांत आहेत. त्यांचें राज्य १७५१ सालीं नागपूरकर भोसल्यांकडे गेलें हेंही सर्वश्रुत आहे. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या बाडांत यजमानांच्या पिढ्यान् पिढ्या नोंदलेल्या सांपडतात. परंतु खाणींत कोळसा खणणारा किंवा रेल्वेच्या रुळावर राबणारा जो आमचा पूर्वज, त्याचें नांव कोणी लिहिलें ? आम्ही म्हणतों, तें धर्मगुरूंनीं लिहिलें, आणि बहुधा दुसऱ्या कोणींच लिहिलें नाहीं.

ही रीत फार जुनी आहे. इंग्लंडांत १५३८ सालीं थॉमस क्रॉमवेल यानें हुकूम काढला कीं, प्रत्येक धर्मग्रामांत बाप्तिस्मा, लग्न व दफन यांची नोंद ठेवावी. तेथील राजा त्यापूर्वींच रोमपासून तुटला होता. आपल्या पवित्र सभेनें ट्रेंटच्या परिषदेंत १५६३ सालीं बाप्तिस्म्याची व लग्नाची वही सर्वत्र लावून दिली. मृतांची वही १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें मागाहून आली. ज्यास जमीन नाहीं, ज्याचें मृत्युपत्र नाहीं, अशा इंग्लंडांतील शेतमजुराच्या वंशजांस आज कित्येकदां तीन-चारशें वर्षें मागें जातां येतें तें या वह्यांच्याच बळावर. दरसाल एक नक्कल बिशपकडे धाडण्याचा नियम तेथें १५९८ सालीं झाला; त्यामुळें एका ठिकाणची वही कसरीनें खाल्ली तरी दुसरीकडे धागा हातीं लागतो. मात्र कॅथोलिक कुटुंबांचा शोध तेथेंही बिकट आहे. १७५४ पासून १८३७ पर्यंत कायदेशीर लग्नासाठीं त्यांना अँग्लिकन देवळांत उभें राहावें लागे. म्हणून आईबापांचें लग्न परक्या वहींत आणि लेंकराचा बाप्तिस्मा आपल्या पाद्र्याजवळ, अशा नोंदी फांकलेल्या असतात.

आमच्या अडचणी निराळ्या. पहिली ही कीं, येथील वह्या वयानें लहान आहेत. चांद्याचा स्वतंत्र कारभार १९६२ सालीं निराळा झाला व १९७७ सालीं त्यास पूर्ण धर्मप्रांताचा दर्जा मिळाला. त्याअगोदर हा मुलूख नागपूर धर्मप्रांताकडे होता, आणि तो धर्मप्रांत १८८७ सालचा. जिल्ह्याचें चंद्रपूर हें नांवही १९६४ चें. जुन्या नोंदींत चांदाच पाहावें. गडचिरोली जिल्हा १९८२ सालीं वेगळा झाला. तेव्हां साठ-सत्तर वर्षांपूर्वींच्या कागदांत 'गडचिरोली जिल्हा' शोधण्यांत वेळ घालवूं नये.

दुसरी अडचण म्हणजे आमच्यांतील बरींच घरें पोटामागें आलेलीं. वरोड्याची कोळशाची खाण १९०६ सालीं बंद पडली आणि खाणकाम बल्लारपुराकडे वळलें. १९२९ च्या सुमारास बल्लारशहा-काजीपेठ लोहमार्ग जुळून दिल्ली-मद्रास सरळ वाट झाली. १९४५ सालीं बल्लारपुरांत कागदाच्या गिरणीची कंपनी उभी राहिली. प्रत्येक खेपेस दूरदूरचे लोक आले. त्यांची मूळ वही कामठीस असेल, नगरकडील एखाद्या खेड्यांत असेल, तेलंगणांत असेल किंवा थेट केरळांत.

ती कशी गांठावी ? याची किल्ली लग्नाच्या नोंदींत आहे, व पुष्कळांस ती ठाऊक नसते. १९०८ सालीं अमलांत आलेल्या 'ने तेमेरे' या फर्मानाप्रमाणें, लग्न परगांवीं झालें तर त्याची खबर वधूवरांच्या बाप्तिस्म्याच्या धर्मगुरूंस पाठवावयाची व त्यांनीं ती बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासांत लिहावयाची. पुढें १९१७ च्या धर्मसंहितेनें हें कायम केलें, आणि आजही तसेंच चालतें. म्हणून आजोबांचें लग्न येथें लागलें असेल तर आधीं तीच नोंद मागावी. बाप्तिस्मा कोठला तें तेथून कळतें. मग त्या धर्मग्रामास पत्र लिहावें. बाप्तिस्म्याच्या नोंदींत आईबापांबरोबर साक्षीचे मायबापही असतात. बहुधा ते मामा, आत्या अथवा शेजारी, म्हणून त्यांचीं नांवें टाकून देऊं नयेत.

जुन्या नोंदी लॅटिन भाषेंत आहेत, एवढ्यानें घाबरण्याचें कारण नाहीं. 'नातुस' म्हणजे जन्मला, 'देफुंक्तुस' म्हणजे मृत. घोटाळा होतो तो नांवांचा. 'योआन्नेस' हाच घरचा योहान, इंग्रजी कागदावरचा जॉन आणि गोव्याकडचा ज्वांव. 'याकोबूस' हा कोठें याकोब, कोठें जेम्स, कोठें सांतियागो होतो. एकाच माणसास तीन माणसें समजून वंशावळीला तीन फांद्या फुटावयाच्या !

आणि एके ठिकाणीं वही थांबते. नांवापुढें 'आदुल्तुस', म्हणजे प्रौढ, असा शब्द आला कीं समजावें, हा त्या घरांतील बहुतेक पहिला बाप्तिस्मा. येथून मागें धर्मगुरूंची लेखणी नाहीं. परंतु गोंड घराण्यांचा मागोवा तेवढ्यानें संपत नाहीं. चार, पांच, सहा आणि सात देवांचीं अशीं त्यांचीं घरें वांटलेलीं आहेत. समान देवसंख्येच्या घरांत सोयरीक होत नाहीं. कुळांची कथा यजमानांच्या दारीं किंगरीवर गाणारे प्रधान ती पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ राखीत आले. आम्हांस वाटतें, ज्या घरीं अशी आजी किंवा आजोबा हयात आहेत, त्यांना आपलें कूळ, देवसंख्या व मूळ गांव विचारून घ्यावें, आणि घरच्या बायबलाच्या कोऱ्या पानावर पहिल्या बाप्तिस्म्याच्या तारखेच्या वरच्या ओळींत तें शाईनें उतरून ठेवावें. बोलावण्याची वाट पाहूं नये. पावसाळ्यानंतर गांवीं जाणें होईलच, तेव्हां वही-पेन्सिल बरोबर न्यावी.