मॉम्पेसन हाउस

मॉम्पेसन हाउस हे इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील सॉल्सबरी येथे, कॅथेड्रलच्या आवारात असलेले एक ऐतिहासिक निवासस्थान आहे. चार्ल्स मॉम्पेसन यांच्यासाठी १७०१ मध्ये त्याचे बांधकाम पूर्ण झाले. पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या नळांच्या माथ्यावर हे साल व त्यांची आद्याक्षरे कोरलेली आहेत. घराची शैली राणी ॲनच्या नावाने ओळखली जाते. प्रत्यक्षात ही राणी गादीवर आली ती १७०२ मध्ये.

रचना

घराचे तोंड कोरिस्टर्स ग्रीन या हिरवळीकडे आहे. दर्शनी भाग दुमजली व काटेकोर समतोल साधणारा आहे. मधोमध दार, त्याच्या दोन्ही अंगांना तीन-तीन खिडक्या आणि वरच्या मजल्यावर सात खिडक्यांची ओळ अशी त्याची मांडणी आहे. छप्पर चारही बाजूंना उतरते असून त्यातून पोटमाळ्याच्या खिडक्या बाहेर काढलेल्या आहेत. दारावरच्या खिडकीपाशी मॉम्पेसन घराण्याचे कुलचिन्ह आहे. कोरीव कामाचा सारा भर याच मधल्या भागावर दिलेला दिसतो. दर्शनी भिंतीसाठी वापरलेला घडीव चिलमार्क दगड कॅथेड्रलच्याही बांधकामात आहे. मात्र तो समोरच्या बाजूपुरताच. मागील बाजू विटांची आहे. प्रतिष्ठा दिसावी तेथे दगड आणि इतरत्र स्वस्त सामग्री, हा व्यवहार त्या काळच्या अनेक इंग्लिश घरांत आढळतो.

अंतर्भागातील सजावट मात्र मूळ बांधकामाच्या वेळची नाही. ओक लाकडाचा जिना व गिलाव्यातील उठावाचे नक्षीकाम ही मॉम्पेसन यांचे मेहुणे चार्ल्स लाँगव्हिल यांनी १७४० च्या दशकात करविलेली भर होय. त्यामुळे संयत दर्शनी भागावरून आतील वेलबुट्टीची कल्पना येत नाही. संपूर्ण घर १७०१ चे समजणे म्हणूनच चुकीचे ठरते.

मालकी व जतन

आवारातील जमीन चर्चची असल्याने येथील रहिवासी दीर्घकाळ भाडेपट्ट्याने राहत. १८४६ पासून टाउनसेंड कुटुंब येथे होते. त्यांतील चित्रकार बार्बरा टाउनसेंड १९३९ पर्यंत याच घरात राहिल्या. पुढे वास्तुविशारद डेनिस मार्टिनो यांनी घराची पूर्ण मालकी मिळवून १९५२ मध्ये ते नॅशनल ट्रस्टला दिले आणि मृत्यूपर्यंत तेथेच वास्तव्य केले. १९७७ पासून ते लोकांसाठी खुले आहे. अठराव्या शतकातील ३७० हून अधिक काचेच्या पेल्यांचा टर्नबुल संग्रह येथे पाहावयास मिळतो. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' (१९९५) या चित्रपटात हे घर लंडनमधील म्हणून दाखविले आहे.